तानाला निघण्याआधी

मादागास्करला दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या शिबिरात भूल द्यायला निघायचं ठरलं की पहिली धाव कागदांकडे. पदवी, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी आणि कौन्सिलचंच गुड स्टँडिंगचं (आपल्याविरुद्ध कारवाई नसल्याचं) पत्र, या तिन्हींच्या प्रती दोनेक महिने आधी आयोजकांकडे जाऊ द्या. तिकडच्या कचेऱ्यांत फ्रेंच लागतं, भाषांतरात वेळ जातो. पिवळ्या तापाची लस त्याच आठवड्यात घेऊन टाका. ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि टोचल्यावर दहा दिवसांनी कार्ड ग्राह्य धरतात. अंतानानारिव्होला (सगळे नुसतं ‘ताना’ म्हणतात) मुंबईहून बहुधा अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जावं लागतं. इथिओपिया आणि केनिया दोन्ही पिवळ्या तापाच्या यादीत आहेत. कार्ड नसेल तर परतल्यावर विलगीकरणात ठेवतात आणि घरचा वरणभात सहा दिवस लांबू शकतो.

औषधांची पिशवी भरताना हात आखडता घ्या. केटामिन, फेंटानिल अजिबात बरोबर नेऊ नका. ती आयोजकांनी तिथल्या परवान्यावर मागवायची असतात. सुटकेसमध्ये सापडली तर सीमाशुल्कवाल्याला तुमचा सेवाभाव दिसणार नाही. स्वतःचं न्यायचं ते असं: घशात पाहायचा, हातात बसलेला लॅरिंगोस्कोप, त्याची लहान मुलांची सगळी ब्लेड, श्वासनळीत नळी सरकवायला लागणारी बूजी, ऑक्सिमीटरचे छोटे प्रोब, बॅटऱ्या. श्वासनळीत घालायच्या वाकलेल्या रे ट्यूब किती आणि कुठल्या मापाच्या आहेत ते ईमेलवर विचारून घ्या. शिवाय थिएटरच्या भिंतीवरच्या ऑक्सिजनच्या तोंडाचा फोटो मागवा. फ्रेंच पद्धतीचं तोंड असेल तर आपली जोडणी त्यात बसत नाही. एकदा ही चौकशी मी केली नव्हती. पहिली सकाळ जोडण्या शोधण्यात गेली आणि उपाशी ठेवलेली मुलं बाहेर रडत होती.

जून ते ऑगस्ट तिकडे हिवाळा. आफ्रिका म्हणून सुती सदरे भरले तर अंत्सिराबे शहरात पस्तावाल. ते दीड हजार मीटर उंचीवर आहे, रात्री पारा दहाच्या खाली जातो. स्वेटर तुम्हाला, पण टोप्या, मोजे आणि कापसाचे रोल टेबलावरच्या बाळासाठी. भुलेखालचं सहा किलोचं मूल भराभर गार पडतं.

रक्ताचा हिशेब घरूनच पाठ करून जा. किलोला साधारण ८० मिलिलिटर, म्हणजे दहा किलोच्या पोरात सगळं मिळून ८०० मिलिलिटर. टाळूच्या शस्त्रक्रियेत पाऊण पेला रक्त गेलं तर मोठ्या माणसात कुणी मान वर करणार नाही. इथे ते मोजायचं. घशात ठेवलेला गॉज फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचा आणि काढल्यावर मोठ्याने सांगून पुसायचा. नावांवर तर मुळीच विसंबू नका. तिथली बरीच नावं ‘रा’ने सुरू होतात, राकोतोपासून रासोआपर्यंत, आणि लांबलचक असतात. मनगटावरचा क्रमांक आणि फोटो जुळल्याशिवाय भूल नाही.

उपाशी ठेवण्याची सूचना देताना दुभाष्याला रानूवूलाबद्दल बजावा. भांड्याच्या बुडाला लागलेल्या भातात पाणी घालून उकळलेलं ते पेय आयांच्या लेखी पाणीच. त्यात शितं असतात. दोन तास आधीपर्यंत चालतं ते फक्त साधं पाणी. अंगावरचं दूध चार तास आधी बंद.

आता ज्याची तयारी कुणीच करून जात नाही ते. तपासणीच्या दिवशी ‘नाही’ म्हणावं लागतं. १९८२ मध्ये बिल आणि कॅथलीन मॅगी हे अमेरिकन जोडपं फिलिपिन्समधल्या नागा शहरात अशाच एका गटाबरोबर गेले होते. चाळीसेक मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्याच्या कित्येक पट मुलं परत पाठवावी लागली. त्या परत गेलेल्यांमधूनच पुढे ऑपरेशन स्माइल ही ओठ-टाळूच्या शस्त्रक्रिया करणारी संस्था उभी राहिली. ओठासाठी दहाचा जुना नियम आहे: दहा आठवडे वय, दहा पौंड म्हणजे साडेचार किलो वजन, दहा ग्रॅम हिमोग्लोबिन. दोन दिवस टॅक्सी-ब्रूसमध्ये (तिथल्या वडाप गाडीत) कोंबून आलेल्या आईचं बाळ साडेतीन किलोचं निघतं, किंवा त्याचं नाक वाहत असतं. सर्दीत भूल दिली तर घसा आवळला जाण्याचा धोका, आणि सर्दी ओसरेपर्यंत थांबायला शिबिर तेवढे दिवस नसतं. सर्जनचा हात शिवशिवत असतो. नकार भूलतज्ज्ञानेच द्यायचा. वाक्य आधीच ठरवून ठेवा, आणि त्यात ‘आज’ हा शब्द असू द्या.

दुभाष्याकडून आईला आणखी एक सांगायला लावा, की यात तुझा दोष नाही. आपल्याकडे ग्रहणात भाजी चिरल्याचा ठपका बाईवर येतो. तिथे कुळाकुळाचे निषेध असतात, त्यांना ‘फादी’ म्हणतात, आणि तो मोडला असं म्हणायला शेजारीपाजारी तयारच.

टाळू फाटलेल्या बाळाला ओढता येत नाही, म्हणून वजन वाढत नाही. यासाठी तुळशीबागेतून स्टीलची वीस-पंचवीस बोंडली घ्या. आपल्या आज्यांचं हे बाळाला दूध पाजायचं चोचीचं भांडं तिथे कामाला येतं. बाळाला जवळजवळ बसतं धरून, काढलेलं दूध गालाच्या बाजूने थोडं थोडं सोडायचं, मध्ये ढेकर काढायचा. आईकडून तुमच्यासमोर दोनदा करून घ्या. बोंडलं उकळून घ्यायला सांगा.

आणि एक शंभर पानी वही. परत पाठवलेल्या प्रत्येक मुलाचं गाव, वजन, कारण आणि पुढच्या शिबिराचा महिना त्यात लिहा. निघायच्या आदल्या संध्याकाळी वही तिथल्या वॉर्डच्या नर्सबाईंच्या हातात द्या. आपल्याकडे फोटोप्रत पुरते.