नांदूरमधमेश्वरला जाताय? आधी उन्हाची बाजू बघा

थंडीत निफाडजवळच्या (नाशिक जिल्हा) नांदूरमधमेश्वरला पक्षी बघायला जाणार असाल, तर सकाळी सूर्य पाठीशी राहील अशीच जागा धरा. उन्हाकडे तोंड करून बसलात, तर समोरचं प्रत्येक बदक नुसतं काळं दिसतं. ऊन पाठीशी असलं की थापट्या बदकाची फावड्यासारखी चोच, नराचं हिरवं डोकं, विटकरी कूस, सगळं लख्ख दिसतं.

निफाडची थंडी बोचरी, स्वेटर-कानटोपी हवीच. पण रंग मातकट असू द्या. डोळ्यांच्या उबेनं दुर्बिणीची काच धुरकटते. बोटानं पुसू नका, दुर्बीण क्षणभर डोळ्यांपासून लांब धरा, काच आपोआप निवळते.

आणि फिरत राहू नका. गोदावरी-कादवा संगमावरच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेली ही पाणथळ जागा (राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) बसून बघण्याची आहे. अर्धा तास हललं नाही, की पाणकणसांतून जांभळी पाणकोंबडी बाहेर येते. एका पायाच्या लांब बोटांत देठ धरून ती सोलून खाते, मध्येच शेपूट उडवते आणि खालचा पांढरा रंग चमकतो. हे बघायला मिळालं की थंडीत उठल्याचं सार्थक होतं.

वारकरी नावाच्या काळ्या पाणपक्ष्यांचा पसरलेला थवा अचानक एकमेकांना चिकटू लागला, तर लगेच वर बघा. बहुतेक वेळा दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालत असतो.