ॲनिमेशन केलं खरं, पण शिरोलीत पान कोरं

ऑफिसला नवीन पोरं आली की पहिल्याच आठवड्यात विचारतात, सर ते स्क्रोल केल्यावर फोटो खालून वर येतो ते कसं करायचं. त्यांच्यासाठी माझी फजिती लिहून ठेवतोय.

२०१८ ची गोष्ट. कोल्हापुरात राजारामपुरीत एका खोलीत बसून आम्ही दोघांनी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीची वेबसाइट केलेली, कास्टिंगचे, म्हणजे ओतीव मालाचे, फोटो एकेक करून वर सरकत यायचे, आमच्या लॅपटॉपवर एकदम नाद खुळा. दाखवायला गेलो तर मालकांनी अकाउंटच्या कॉम्प्युटरवर उघडायला लावलं. तिथं विंडोज एक्सपी आणि क्रोम ४९, एक्सपीला त्याच्या पुढचं क्रोम मिळतच नाही. लोगो दिसला, मेनू दिसला, खाली सगळं पांढरं. मालक माऊसचं चाक फिरवत बसले आणि म्हणाले, "आरं पोरा, माल कुठं गेला? डिस्पॅच केलास काय?"

रात्री बसून शोधलं. सीएसएस (पान दिसायला कसं ते सांगणारी भाषा) मधलं ॲनिमेशन क्रोम ४९ ला नीट चालतं, दोष त्याचा नव्हताच. फोटो स्क्रीनवर आला का हे जावास्क्रिप्टला (पानात चालणाऱ्या प्रोग्रामच्या भाषेला) सांगणारं इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर क्रोममध्ये ५१ पासून आलं, म्हणजे दोन व्हर्जननं हुकलो. आणि मी शहाण्यानं सगळ्या फोटोंना आधीच ओपॅसिटी शून्य, म्हणजे पार अदृश्य, देऊन ठेवलेली, जावास्क्रिप्ट येऊन दाखवेल या भरवशावर. स्क्रिप्ट तिथंच एरर देऊन आडवी झाली, मग फोटो दाखवणार कोण?

आता उलटं करतो. सीएसएसमध्ये सगळं दिसतंच ठेवायचं. हेडमध्ये, म्हणजे पानाच्या कोडच्या सुरुवातीलाच, दोन-तीन ओळींची स्क्रिप्ट, ब्राउझरच्या विंडो ऑब्जेक्टमध्ये इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर आहे का बघायचं, असेल तरच पानाच्या सगळ्यात बाहेरच्या एचटीएमएल टॅगला एक क्लास, म्हणजे नावाची खूण, लावायचा आणि लपवायचा नियम त्या क्लासला बांधायचा. ही स्क्रिप्ट फूटरला, म्हणजे पानाच्या शेवटी, टाकू नका, फोटो आधी दिसतात मग गायब होऊन परत येतात, लई वंगाळ दिसतं. पॉलिफिल, म्हणजे जुन्या ब्राउझरला नसलेली सोय भरून काढणारी स्क्रिप्ट, मिळतं, पण जुन्या मशीनवर अजून स्क्रिप्ट लादायची हे मला पटत नाही.

ॲट-सपोर्ट्स, म्हणजे ब्राउझरला अमुक जमतं का हे विचारणारी सीएसएसमधली अट, वापरा, पण ते फक्त सीएसएसचं विचारतं, जावास्क्रिप्टचं नाही. इंटरनेट एक्सप्लोररला तर ते कुठल्याच व्हर्जनमध्ये कळत नाही, आतलं सगळं सोडून देतो, बाहेर साधा नियम असला की काम भागतं. सरकवायला सीएसएसचं ट्रान्सफॉर्मच घ्या, टॉप-लेफ्ट नको, टॉप-लेफ्टमध्ये प्रत्येक फ्रेमला लेआउट, म्हणजे पानावरच्या वस्तूंची जागा, परत मोजावी लागते आणि सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एकीला १६.७ मिलिसेकंदच मिळतात, जुना फोन तिथं धापा टाकतो. ज्यांनी फोनमध्ये हालचाल कमी करून ठेवलीय त्यांच्यासाठी प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन बघून सगळं बंद करायचं, त्यात कंटाळा करू नका.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्याच कॉम्प्युटरवर सगळे फोटो गपगुमान जागेवर. मालक खूश, "आता कसं, माल हाय की." मग बिल वाचताना ॲनिमेशनच्या ओळीवर बोट ठेवलं, "हे कुठं हाय?" माझ्या फोनवर दाखवावं लागलं.