धावपळीच्या दिवसात प्रार्थनेसाठी जागा कशी करावी

प्रार्थनेला वेळ मिळत नाही, अशी खंत बाळगणारी ख्रिस्ती माणसे बहुधा आधीच काठोकाठ भरलेल्या दिवसात अर्ध्या तासाची भक्ती कशीबशी बसवू पाहतात. वसईहून चर्चगेटला रोज लोकलने जाणारा नोकरदार असो, पुण्यात पाळ्यांमध्ये काम करणारी परिचारिका असो किंवा दोन लहान मुलांची आई असो, असा संकल्प आठवडाभर टिकतो, मग एक दिवस चुकतो, आणि शेवटी अपराधीपणाची भावना तेवढी उरते. म्हणून सुरुवात वजाबाकीपासून करावी. रोजच्या दिवसातून आपण नेमके काय सोडणार आहोत, हे आधी ठरवावे आणि मगच प्रार्थनेची वेळ नेमावी.

त्यासाठी एक आठवडा साध्या वहीत दिवसाची नोंद ठेवावी. उठल्यापासून झोपेपर्यंत कोणता वेळ कशात गेला, एवढेच लिहावे. स्वतःला दोष देण्यासाठी ही नोंद नाही. बहुतेकांच्या नोंदीत रात्री जेवणानंतरचा तास-दीड तास मोबाइलवर गेलेला दिसतो, आणि त्यामुळे झोप उशिरा, म्हणून जाग उशिरा, म्हणून सकाळची घाई, अशी साखळीही दिसते. पहाटेच्या प्रार्थनेची तयारी खरे तर आदल्या रात्री होते. मोबाइल झोपण्याच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावावा आणि गजरासाठी साधे घड्याळ घ्यावे. हा बदल क्षुल्लक वाटतो, पण माझ्या मते एवढा परिणाम करणारा दुसरा बदल नाही, कारण सकाळी डोळे उघडताच हातात मोबाइल आला की मन तिथूनच इतरांच्या ताब्यात जाते.

या नोंदीत आणखी एक गोष्ट आढळते, आणि ती बोलून दाखवायला आपण कचरतो. अनेक श्रद्धावंतांचा फावला वेळ चर्चच्याच कामांनी भरलेला असतो. धर्मग्रामाची (पॅरिशची) समिती, गायकवृंदाचा सराव, तरुण संघ, महिला मंडळ, संडे स्कूल, नाताळचा कार्यक्रम ही सगळी कामे चांगली आहेत, आणि ती करणारी माणसे मनापासून करतात. तरीही देवाच्या कामात गुंतलेल्या माणसाचा देवाशी बोलण्याचा वेळ निघून जाऊ शकतो. बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील मार्था अशीच पाहुणचाराच्या कामाने भांबावून गेली होती. येशूने तिच्या कामाला नावे ठेवली नाहीत; पुष्कळ गोष्टींविषयी चाललेल्या तिच्या काळजीकडे आणि दगदगीकडे त्याने लक्ष वेधले. ज्याच्याकडे तीन जबाबदाऱ्या आहेत, त्याने पाळकांशी किंवा धर्मगुरूंशी मोकळेपणाने बोलून वर्षभरासाठी एक जबाबदारी दुसऱ्याकडे सोपवावी. चांगला पाळक याला अडवणार नाही.

नकार देणे जड जात असेल, तर मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायाचा उत्तरार्ध सावकाश वाचावा. कफर्णहूमात सूर्य मावळल्यावर सगळे गाव दाराशी लोटले होते आणि येशूने पुष्कळ रोगी बरे केले. दुसऱ्या दिवशी अगदी पहाटे, अंधार असतानाच, तो उठून एकांत जागी जाऊन प्रार्थना करू लागला. शिमोन आणि सोबती त्याला शोधत आले आणि सगळे लोक तुझा शोध करीत आहेत, असे म्हणाले. त्यावर येशू त्या गर्दीकडे परतला नाही. आपण जवळपासच्या गावांना जाऊ, असे त्याने सांगितले. गरज खरी होती, माणसेही खरी होती. तरी आता कुठे जायचे, हे प्रार्थनेतून उठलेल्या येशूने ठरवले. गर्दीच्या मागणीवर ते ठरले नाही. आपल्याला आलेला प्रत्येक फोन आणि प्रत्येक निमंत्रण ही देवाची हाक असतेच असे नाही, हे या उताऱ्यावरून पटते.

वेळ मोकळी झाली की ती एकाच जागेला आणि एकाच प्रसंगाला बांधून टाकावी. पहाटे उठणे सर्वांना शक्य नसते. रात्रपाळी करणाऱ्याने घरी आल्यावर अंघोळीनंतर बसावे. लहान मुलांच्या आईने मुले शाळेत गेल्यानंतरची पंधरा मिनिटे धरावीत आणि त्या वेळेत भांडी तशीच राहू द्यावीत. नवरा-बायको दोघेही कमावते असतील, तर एकाने मुलांकडे पाहावे आणि दुसऱ्याने प्रार्थनेला बसावे, अशी अदलाबदल उघडपणे ठरवून घ्यावी. नाहीतर घरातल्या एकाची भक्ती दुसऱ्याच्या कष्टावर चालते. खुर्ची ठरलेली असावी, पवित्र शास्त्र रात्रीच तिथे काढून ठेवावे, आणि जवळ एक कोरा कागद व पेन असावे. बसल्याबरोबर गॅस सिलिंडरची नोंदणी, विजेचे बिल, कुणाला करायचा राहिलेला फोन, असे सगळे आठवू लागते. ते झटकून टाकण्याच्या खटपटीत पडू नये. कागदावर टिपावे आणि पुन्हा वचनाकडे वळावे.

या पंधरा मिनिटांत काय करावे? थोडे वाचावे आणि हळू वाचावे. बाराव्या शतकात गीगो नावाच्या, कार्थुसियन या एकांतवासी संघातल्या मठवासीयाने वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशा चार पायऱ्या सांगितल्या. आजही हा मार्ग कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांनाही उपयोगी पडतो. सुरुवातीला बायबलमधील स्तोत्र १३१ घ्यावे. ते अवघ्या तीन ओव्यांचे आहे आणि यरुशलेमेच्या यात्रेकरूंच्या गीतांपैकी एक आहे. पहिल्यांदा ते मोठ्याने वाचावे. माझ्या आवाक्याबाहेरच्या मोठमोठ्या गोष्टींत मी पडत नाही, असे गाणारा तिथे सांगतो. इथेच थांबून, आज मी कोणत्या आवाक्याबाहेरच्या गोष्टी डोक्यावर घेऊन बसलो आहे, हे स्वतःला विचारावे. दुसऱ्या वाचनात आईजवळच्या, दूध तुटलेल्या बाळाकडे पाहावे. अंगावर पिणारे बाळ आईच्या कुशीत शिरताच दुधासाठी धडपडते. दूध तुटलेल्या बाळाला आता काही मागायचे नसते, त्याला आई जवळ असली की पुरते. आपली बहुतेक प्रार्थना पहिल्या बाळासारखी असते, आणि त्यातही काही वाईट नाही. पण तिसऱ्या वाचनानंतर पाच मिनिटे काहीही न मागता देवाजवळ बसून पाहावे. जमले नाही, मन भरकटले, तर त्याच ओळीकडे परत यावे. मग जे सांगायचे असेल ते घरच्या बोलीत सांगावे. वसईत सामवेदी बोलणाऱ्याने सामवेदीत, कोकणी बोलणाऱ्याने कोकणीत. ग्रंथातल्या भाषेतच बोलावे, असे देवाचे बंधन नाही.

वर्षभरात संपूर्ण बायबल वाचून काढण्याच्या योजना पुष्कळांना प्रिय असतात. त्या वाईट नाहीत, परंतु ज्याचा दिवस आधीच धावतो आहे, त्याने निदान पहिले काही महिने त्या बाजूला ठेवाव्यात, असे मला ठामपणे वाटते. कारण रोजचे तीन-चार अध्याय पुरे करण्याच्या ओझ्याने वचनही उरकायची गोष्ट होऊन बसते. त्याऐवजी मार्कचे सोळा अध्याय एकेका प्रसंगाने, दोन-तीन महिने लावून वाचावेत. सकाळी वचनाचे चित्र व्हॉट्सॲपच्या दहा गटांत पाठवणे किंवा प्रवचनाचा व्हिडिओ लावून स्वयंपाक करणे, यालाही स्वतंत्र जागा असू शकते. मात्र ते या पंधरा मिनिटांच्या जागी येऊ नये.

दिवसाच्या मध्येही थांबण्याची सोय आपल्या परंपरेत पूर्वीपासून आहे. बायबलमधील दानीएल संदेष्टा दिवसातून तीनदा यरुशलेमेकडे उघडणाऱ्या खिडकीशी गुडघे टेकत असे. कॅथलिक गावांत सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी आंजेलुस या मरियेच्या प्रार्थनेची घंटा होते, आणि हातातले काम थांबवून प्रार्थना म्हटली जाते. कार्यालयात घंटा ऐकू येत नसली, तरी दुपारचा डबा उघडण्यापूर्वीचे एक मिनिट आपले आहे. लोकलच्या गर्दीत पुस्तक उघडणे अशक्य असते, पण खिशातली जपमाळ हाताला लागते, आणि पाठ केलेले एक स्तोत्र दोन स्थानकांच्या मधल्या अंतरात पुरे होते. पाठ करण्याची सवय आपण सोडली. ती पुन्हा लावून घ्यावी.

संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना पुष्कळ घरांतून बंद पडली, कारण ती लांबली आणि मुले कंटाळली. ती दहा मिनिटांची ठेवावी: एक गीत, चार ओव्या, प्रत्येकाची एकेक विनंती. मराठी ख्रिस्ती घरांना इथे मोठा वारसा मिळालेला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, आणि पुढे त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन यांतून ख्रिस्तभक्ती मराठी मंडळीच्या ओठांवर आणली. अभंग घाईने म्हणता येत नाही. धृपद पुन्हा पुन्हा येते, टाळ लय धरून ठेवतो, आणि चौथ्यांदा म्हटलेली ओळ पहिल्यांदा म्हटली तेव्हाहून खोल उतरते. आठवड्यातून एक तरी अभंग मुलांना टाळ देऊन म्हणावा. मुले झोपल्यावर मोठ्यांनी लोयोलाच्या संत इग्नासने शिकवलेल्या पद्धतीने दिवसाकडे मागे वळून पाहावे: आज कशासाठी आभार मानायचे, कुठे देव जवळ होता, कुठे मी त्याच्यापासून सरकलो, आणि उद्यासाठी कोणती कृपा हवी.

रविवारविषयी मात्र थोडे परखडपणे लिहिणे भाग आहे. बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातील विश्रांतीची आज्ञा मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि दारातला परका, सर्वांनाच लागू केलेली आहे. आपल्या घरांत पुष्कळदा उलटे होते. मिस्सा किंवा उपासना आटोपून पुरुष वर्तमानपत्र घेऊन बसतात, आणि घरातली बाई दुपारी दोनपर्यंत मटणाच्या रश्शात व पाहुण्यांत अडकते. मसाला शनिवारी वाटून ठेवावा, जेवण साधे करावे, भांडी सर्वांनी मिळून घासावीत, आणि दुपारी जेवणानंतर संध्याकाळपर्यंत टीव्ही व मोबाइल बंद ठेवून कुणी वाचावे, कुणी झोपावे, कुणी आजारी नातेवाइकाला भेटून यावे. झोपेचाही संकोच वाटू नये. देव आपल्या प्रियजनांना झोप देतो, असे स्तोत्र १२७ सांगते, आणि थकलेल्या माणसाची प्रार्थना बहुधा विश्रांतीनेच सुधारते.

सुरुवात करायला ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ किंवा नाताळपूर्वीचा आगमनकाळ सोयीचा, कारण तेव्हा सगळी मंडळीच वेग कमी करण्याचा प्रयत्न करीत असते. वर्षातून एकदा एक-दोन दिवस मौनासाठी काढता आले, तर फार चांगले. पुण्यात १९२७ साली स्थापन झालेल्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमासारखी ठिकाणे आपल्या जवळच आहेत. अधूनमधून दिवस चुकतील, आजारपण येईल, परीक्षा येतील, घरी पाहुणे येतील. चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट वेळ बसू नये. जिथे थांबलो होतो, त्याच ओवीपासून ठरलेल्या वेळी पुढे वाचावे. लागोपाठ बरेच दिवस चुकू लागले, तर पुन्हा आठवडाभराची नोंद करून, दिवसात नव्याने काय शिरले आहे, ते शोधून काढावे.