साथीच्या काळात आजी-आजोबांच्या भीतीचं करायचं काय?

साथ आली की घरातली म्हातारी माणसं दोन गटात जातात. एक गट दिवसभर बातम्या लावून बसतो आणि दुधाची पिशवीसुद्धा तीनदा धुतो, दुसरा म्हणतो "आम्ही देवीची साथ बघितलीय, आम्हाला काय होतंय" आणि चालला कट्ट्यावर. 2020 ला कोरोनात दोन्ही बघितले असतीलच. माझं मत असं की दुसऱ्या गटातले पण घाबरलेलेच असतात फक्त कबूल करत नाहीत, त्यामुळे दोघांनाही "घाबरू नका हो" म्हणून काही होत नाही, त्यांना हाताला काहीतरी ठरलेलं काम द्या.

पहिलं टीव्ही. बंद करायला गेलात तर भांडण होणार. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा बातम्या एवढं ठरवा, आणि फॅमिली ग्रुपवर आकडे नि स्मशानाचे फोटो टाकणाऱ्या काकांना आधी गप्प करा.

मास्कवरून सगळ्यात जास्त कटकट होते, पण जरा नीट बघा की आजोबा मास्क खाली कधी ओढतात, बहुतेक वेळा बोलताना. त्यांना ऐकू कमी येतं, समोरच्याच्या तोंडाची हालचाल दिसत नाही, मग आपलं पण समोरच्याला ऐकू जात नसेल असं वाटून ते नाक-तोंड उघडं करतात. हट्टीपणा नाही तो. समोर येऊन सावकाश मोठ्याने बोला, अर्धा प्रश्न मिटतो. कानाचं मशीन असेल तर कानात अडकवायचा मास्क नकोच, काढताना मशीन त्यासोबत ओढलं जाऊन पडतं, डोक्यामागे नाड्या बांधायचा घ्या. आणि मास्क चपलांच्या वर खिळ्याला लटकवा म्हणजे विसरत नाहीत.

हात धुणं सवयींना जोडा, पूजेआधी, जेवणाआधी, बाहेरून आल्यावर. 'शुभंकरोति' सावकाश म्हटलं की वीसेक सेकंद होतातच. घरात साबण पुरे आहे, सॅनिटायझर बाहेर जाताना, आणि तो लावून लगेच निरांजन किंवा गॅस पेटवायचा नाही हे आजीला दहा वेळा सांगा कारण त्यात अल्कोहोल असतं, भडका उडतो.

काढा. दिवसातून कपभर घेतला तर कोणी अडवणार नाही पण भीतीपोटी पाच-पाच वेळा चालू होतो, आणि ज्येष्ठमध जास्त गेला तर बीपी वाढतं हे फॉरवर्डमध्ये कोणी लिहीत नाही. वाफाऱ्याने व्हायरस मरत नाही, उकळतं पातेलं मांडीवर सांडून भाजण्याचा धोका मात्र खरा आहे.

आता महत्त्वाचं. म्हातारी माणसं लक्षणं लपवतात. मार्च 2020 मध्ये आपल्याकडे होम क्वारंटाइनवाल्यांच्या हातावर शिक्के मारले होते, दारावर बोर्ड, सोसायटीच्या नजरा, हे त्यांनी बघितलंय, त्यात "एकदा नेलं की परत भेट नाही" ही धास्ती, मग खोकला आला की बाथरूममध्ये जाऊन खोकतात. त्यामुळे साथ दाराशी यायच्या आधीच बसून बोला की आजारी पडलात तर कुठली खोली, जेवण कोण देणार, दवाखान्यात न्यायची वेळ आलीच तर फोन आणि चार्जर सोबत असेल आणि रोज बोलणं होईल. हे ठरलेलं असलं की ते सांगतात.

आणि ताप येण्याचीच वाट बघू नका. या वयात कधीकधी ताप येतच नाही, माणूस अचानक गळून जातो, जेवत नाही, असंबद्ध बोलायला लागतो, तोल जातो. ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र) लावताना बोट गार नको, नेलपेंट नको. आकडा 94 च्या खाली गेला आणि दोनतीनदा बघूनही तसाच राहिला तर डॉक्टरला फोन, उद्यावर ढकलायचं नाही. दम्याचा वगैरे जुना त्रास असेल तर त्यांचा नेहमीचा आकडा आधीच विचारून ठेवा.

बीपी-शुगरच्या गोळ्या महिन्याभराच्या जास्तीच्या आणून ठेवा. मेडिकलमध्ये जायची भीती वाटली की हे लोक एक दिवसाआड गोळी घेऊन पुरवतात आणि आपल्याला पत्ता नसतो. पाकीट उघडून मोजा सरळ. छातीत दुखलं तर "दवाखान्यात कोरोना आहे" म्हणून घरी बसू देऊ नका.

लशीचं, 1 मार्च 2021 ला साठीच्या वरच्यांना सुरू झाली तेव्हा घरोघरी वाद झाले. मुलांनी समजावून उपयोग नाही, ज्या डॉक्टरकडे ते वर्षानुवर्षं जातात त्यांच्याशी दोन मिनिटं फोनवर बोलू द्या, ऐकतात.

साथ ओसरली तरी काहीजण बाहेर पडत नाहीत. एकदम लग्नाला नेऊ नका. आधी गेटपर्यंत, मग ओळखीच्या एखाद्या मित्रासोबत बागेत, सकाळी गर्दी नसताना. घरात बसून पायातली ताकद गेलेली असते, म्हणून पहिले काही दिवस कोणीतरी सोबत जा आणि ती झिजलेली स्लिपर बदला.