विटांचं फेसिंग लावताय? आधी टायचं बघा

जुळे सोलापुरात, विजापूर रोडला हल्ली बऱ्याच जणांना समोरची भिंत प्लास्टर न करता अर्ध्या विटेच्या लाल फेसिंगची हवी असते. दिसतं भारीच, पण एक डोक्यात ठेवा, हे एका ब्रासला म्हणजे १०० चौरस फुटाला साधारण दोन टन वजन आहे आणि ते नुसतं उभं असतं, मागच्या भिंतीनं त्याला धरून ठेवावं लागतं. हे धरायला दोन्ही भिंतींच्या मधे आडवे घालायचे धातूचे तुकडे म्हणजे टाय. मिस्त्री म्हणतात "माल भरला की चिकटतंय की ओ". नाही चिकटत. १९९३ च्या किल्लारी भूकंपात जाड दगडी भिंतींचे आतले-बाहेरचे थर सुटे होऊन पडले, कारण दोघांना बांधणारे आडवे लांब दगडच नव्हते. २०१६ च्या आयएस १८९३ (भूकंपासाठीचं भारतीय मानक) प्रमाणे सोलापूर झोन ३ मधे, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात येतं, म्हणून हे सांगतोय.

तर टाय. बाइंडिंग वायर नको म्हणजे नकोच, गंजते आणि आतल्या आत तुटते, बाहेरून कळत पण नाही. जाड गॅल्वनाइज्ड घ्या, जमलं तर ३०४ स्टेनलेसचे. आडवं दोन फुटावर एक, उभं आपल्या तीन इंची विटेच्या दर चार थराला एक, पुढच्या ओळीत मधोमध सरकवून. असं धरलं तर ब्रासला ४५ च्या आसपास लागतात, खिडकी-दरवाजाच्या कडेला एक फुटाच्या आत जादा टाकायचे ते वेगळे. टायचं टोक सांध्यात दीड इंच तरी आत गेलं पाहिजे आणि बाहेरच्या बाजूने अर्ध्या इंचापेक्षा जास्त माल राहिला पाहिजे. अजून एक, टाय किंचित बाहेरच्या बाजूला उतरता ठेवा, नाहीतर पावसाचं पाणी त्याच्यावरून चालत आतल्या भिंतीवर जातं. आधी थरावर माल पसरा, मग टाय दाबा, मग वर माल आणि वीट. कोरड्या विटेवर टाय ठेवून वरून माल टाकला तर खाली पोकळच राहतं.

मागे आरसीसी असेल तर अँकर फास्टनर (भोकात घट्ट बसणारा बोल्ट) मारून टाय धरा, विषय संपला. एएसी ब्लॉकला (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या ब्लॉकला) मात्र साधा प्लग ढिला पडतो, त्याचे वेगळे लांब प्लग मिळतात तेच वापरा आणि एक बसवल्यावर हाताने जोरात ओढून बघा.

दोन भिंतींमधे एक ते दोन इंच फट सोडायची, आणि त्या फटीत माल पडू द्यायचा नाही. एक लाकडी पट्टी दोरीने आत सोडा, दर टायच्या ओळीला वर ओढून साफ करा, कंटाळवाणं काम आहे म्हणून कोणी करत नाही आणि मग ओल येते. खालच्या थरात दर दोन फुटाला एक उभा सांधा रिकामा ठेवा, पाणी निघायला.

वजन प्लिंथ बीमवर (जोत्याच्या काँक्रीट तुळईवर) घ्या, वरच्या मजल्याला बीमला बोल्ट केलेल्या लोखंडी एल अँगलवर. अँगलच्या खाली अर्धा इंच जागा मोकळी ठेवून सीलंट भरा, तिथे माल ठासू नका कारण वीट फुगते, काँक्रीट आकसतं आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात पश्चिमेची भिंत लय तापते. त्याच कारणाने लांब भिंतीला २०-२५ फुटाला एक उभा जॉइंट सोडा. माल १:६ (एक सिमेंट, सहा वाळू) बास, जास्त सिमेंट घातलं की चिरा जातात. पाणी सात दिवस मारायचं, नळाला रोज येत नाही तेव्हा टाकी आधी भरून ठेवा.

आधीच बांधून झालंय आणि पोट सुटलंय? ओळंबा लावून बघा, वाजवून बघा. थोडंच असेल तर बाहेरून सांध्यात ड्रिल करून पिळाचे स्टेनलेस टाय आत घालता येतात, पण अँगलच नसेल किंवा फुगवटा वाढत चालला असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा आणि तोवर त्या भिंतीखाली गाडी लावू नका, पोरांना पण खेळू देऊ नका.