बिझनेस फेस्टच्या टीममध्ये जाताय? मग आधी स्पॉन्सरशिपमध्ये जा

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यातल्या कॉलेजांत बिझनेस फेस्टच्या, म्हणजे पोरांनीच भरवलेल्या मॅनेजमेंटच्या स्पर्धांच्या, टीमसाठी इंटरव्ह्यू सुरू झाले की सगळ्यांना क्रिएटिव्ह नाहीतर सोशल मीडिया पाहिजे असतं, कारण तिथं रील्स बनवायला मिळतात आणि टीशर्ट घालून फोटो काढता येतात. माझं म्हणणं, पहिल्याच वर्षी स्पॉन्सरशिपमध्ये, म्हणजे फेस्टसाठी पैसे आणणाऱ्या टीममध्ये, घुसा. बिझनेस फेस्टमध्ये खराखुरा बिझनेस तिथंच होतो, बाकी बी-प्लॅन (धंद्याचा आराखडा मांडायचा) आणि बेस्ट मॅनेजर या स्पर्धा, त्या बाहेरून आलेली पोरं खेळतात.

तारखेपासून सुरुवात करा. विद्यापीठाचं परीक्षेचं वेळापत्रक, गणपती, आणि फिरोदिया-पुरुषोत्तम या आंतरमहाविद्यालयीन नाट्यस्पर्धांच्या तालमी, हे तीन बघितल्याशिवाय तारीख लॉक करायची नाही. तालमीच्या दिवसात अर्धं कॉलेज तिकडं असतं आणि हॉलही मिळत नाही. फिरोदियाच्या तालमी आड येत नसतील तर जानेवारी बरा पडतो, शिवाय मार्चएंडच्या आधी कंपन्यांच्या मार्केटिंग बजेटमध्ये कधीकधी थोडं शिल्लक असतं, ते मागायची वेळ तीच.

आता पैसे. मोठ्या कंपन्यांच्या इन्फो आयडीवर शंभर मेल टाकून काही होत नाही, ते कोणी उघडतसुद्धा नाही. आपल्या कॉलेजचे माजी विद्यार्थी हिंजवडीत, मगरपट्ट्यात, चाकणच्या कंपन्यांत बसलेत, त्यांची यादी प्लेसमेंट सेलकडून नाहीतर सरांकडून काढा आणि थेट फोन लावा. 'दादा, तुमच्याच कॉलेजमधून बोलतोय' एवढं ऐकलं की माणूस निदान पाच मिनिटं देतो. आणि कृपा करून 'सीएसआरमधून (कंपनीच्या समाजकार्याच्या निधीतून) द्या' असं म्हणू नका. सीएसआरच्या नियमांतच लिहिलंय की आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेली स्पॉन्सरशिप त्यात धरत नाहीत, त्यामुळे समोरच्याला लगेच कळतं की पोरांनी काही वाचलेलं नाही. मार्केटिंगवाल्यांशीच बोला.

खरा पैसा मात्र जवळच असतो. कॅट आणि सीएचे क्लासेस, एज्युकेशन लोन देणारी बँकेची शाखा, लॅपटॉपची दुकानं, कॉलेजसमोरचा कॅफे, यांना तुमचीच पोरं गिऱ्हाईक म्हणून पाहिजे असतात. दुकानात जायचं तर सकाळी साडेअकराच्या आसपास जा, दुपारी एक ते चार कुठं जायचं नसतं हे पुण्यात वेगळं सांगायला नको. मालक असेल तरच बोला, काउंटरवरच्या मुलाला ब्रोशर देऊन आलात तर ते रद्दीत गेलं समजा.

आणि आकडा खरा सांगा. सगळ्या ब्रोशरमध्ये 'दहा हजार फुटफॉल', म्हणजे इतके लोक येणार, असं लिहिलेलं असतं, आणि ज्याचं दुकान तीस वर्षं रस्त्यावर आहे त्याला तो आकडा बघून हसूच येतं. मागच्या वर्षीची रजिस्ट्रेशनची शीट काढा, किती पोरं, कुठल्या कॉलेजची, कुठल्या वर्षाची, हे एका पानावर मांडा. चारशे पोरं असतील तर चारशेच सांगा, पण ती सगळी टीवाय बीकॉम आणि बीबीएची आहेत हेही सांगा, क्लासवाल्याला तेच पाहिजे. बदल्यात काय देणार तेही लिहून द्या: स्टॉल कुठं, स्टेजवर नाव किती वेळा, बॅनरची साइझ काय. तोंडी कबूल केलेलं फेस्टच्या दिवशी कुणालाच आठवत नाही. रस्त्यावर फ्लेक्स लावून देतो असं तर बोलूच नका, त्याला महापालिकेची परवानगी लागते. गेटच्या आतलं काय ते बोला.

चेक कॉलेजच्या नावानं घ्यायचा, कुणाच्या पर्सनल यूपीआयवर एक रुपया नको. बिल कसं देणार आणि जीएसटीचं काय, हे अकाउंट्स ऑफिसला आधीच विचारून ठेवा, कारण स्पॉन्सर पहिला प्रश्न तोच विचारतो. स्पॉन्सरचे पैसे फेस्टनंतरही येत राहतात, पण मांडववाला आणि साउंडवाला ॲडव्हान्स आधी मागतो, म्हणून खर्च ठरवताना हातात आलेलेच पैसे धरा, कबूल झालेले नाही.

इव्हेंट्समध्ये सगळ्यात जास्त भांडणं मॉक स्टॉकमध्ये, म्हणजे खोट्या पैशांच्या शेअरबाजाराच्या खेळात, होतात. बातमी वाचली की भाव हलतो, पोरं ओरडत ऑर्डर देतात, आणि तिसऱ्या राउंडला एक्सेलचा फॉर्म्युला कुठंतरी तुटतो. ज्युनिअर पोरांना बसवून आधी एक पूर्ण गेम खेळून बघा, उधारीवर शेअर घेता येतो का, शेवटच्या मिनिटाची ऑर्डर धरायची का, असले नियम छापून प्रत्येक टीमच्या हातात द्या, आणि प्रत्येक राउंडनंतर शीटची कॉपी सेव्ह करा म्हणजे कोणी वाद घातला तर दाखवता येतं. हे नाही केलं तर निकालाच्या वेळी स्टेजखाली सभा भरते.

जज शनिवारीच बोलवा. वर्किंग डेला संध्याकाळी हिंजवडीवरून डेक्कनला यायला किती वेळ लागतो हे त्यांनाही माहीत असतं, म्हणून ते हो म्हणतात आणि येत नाहीत. सर्टिफिकेटं आणि स्टँडी (उभे बॅनर) अप्पा बळवंत चौकाच्या आसपास छापून घ्या, फक्त नावांची यादी देण्याआधी दोघांनी वेगवेगळी तपासा. संध्याकाळी बँड वगैरे ठेवला असेल तर रात्री दहाच्या आत स्पीकर बंद, त्यात घासाघीस चालत नाही. बक्षिसाची रक्कम त्याच दिवशी द्यायची सोय करा. 'दोन आठवड्यांत ट्रान्सफर होईल' म्हणणाऱ्या कॉलेजात पुढच्या वर्षी चांगल्या टीम येत नाहीत, पोरं एकमेकांना सांगतात.

फेस्ट संपल्यावर सगळे झोपतात आणि टीम तिथंच विस्कटते, पण स्पॉन्सरशिपवाल्यांचा आठवडा अजून बाकी असतो. प्रत्येक स्पॉन्सरला स्टॉलचे फोटो, किती पोरं आली तो आकडा आणि थँक यू लेटर स्वतः नेऊन द्या, राहिलेला चेक बहुतेक तेव्हाच निघतो. मग सगळ्या व्हेंडरच्या पावत्या स्कॅन करा, कोण किती रेटनं आला आणि कोणी ऐनवेळी भाव वाढवला हे शेजारी लिहा, आणि ती शीट कॉलेजच्या मेल आयडीवर ठेवा, पास आउट होणाऱ्या सीनियरच्या पर्सनल ड्राइव्हवर नको.