ॲन्सिबलचं कॉन्फिग प्रॉडक्शनला लावायच्या आधी एवढं बघाच

मागच्या वेळी ॲन्सिबलने, म्हणजे अनेक सर्व्हरवर सेटिंग्ज लावणाऱ्या टूलने, चार वेब सर्व्हरवर नवीन कॉन्फिग लावलं आणि पुढचा दीड तास लोक लॉगिन करतायत, एक पान उघडतायत, दुसऱ्या पानावर गेले की परत लॉगिनच्या पानावर येतायत, असं चाललं होतं. स्टेजिंगवर, म्हणजे प्रॉडक्शनच्या (खऱ्या वापरातल्या सर्व्हरच्या) आधीच्या चाचणीच्या जागी, सगळं नीट चाललं होतं. चूक माझीच होती आणि ती एका ओळीत होती, म्हणून ही तयारीची यादी लिहून ठेवतोय. नेस्टेड (एकात एक) व्हेरिएबल्स आणि महिरपी कंसातल्या, म्हणजे चालवताना काढल्या जाणाऱ्या किमती ज्यांच्या प्लेबुकमध्ये (ॲन्सिबलला द्यायच्या कामांच्या फाइलमध्ये) आहेत त्यांनी लावायच्या आदल्या दिवशी वाचा, लावताना नको.

इन्व्हेंटरी (सर्व्हरची यादी) गिटमध्ये, स्टेजिंग आणि प्रॉडक्शनचे फोल्डर वेगळे, पासवर्ड व्हॉल्टमध्ये (ॲन्सिबलच्या कुलूपबंद फाइलमध्ये), हे धरूनच चालतो. ॲन्सिबलचं व्हर्जन टीममध्ये सगळ्यांचं एकच असू द्या.

पहिलं काम, शेवटी कुठल्या सर्व्हरला काय मिळणार ते डोळ्यांनी बघणं. ॲन्सिबल-इन्व्हेंटरी कमांडवर थांबू नका, ती कंस जसेच्या तसे छापते, आतली किंमत काढत नाही. ॲडहॉक कमांडने (प्लेबुकशिवाय थेट दिलेल्या कमांडने) डीबग मॉड्यूल चालवा आणि अख्खी डिक्शनरी (नाव आणि किंमत अशा जोड्यांचा संच) मागा, मग खरी किंमत दिसते. फॅक्ट्सवर, म्हणजे सर्व्हरकडून गोळा केलेल्या माहितीवर, अवलंबून असलेलं काही असेल तर ते तिथे अनडिफाइंड दिसेल, कारण ॲडहॉकमध्ये फॅक्ट्स गोळा होत नाहीत, त्याला घाबरू नका. आणि ही कमांड दोनदा चालवा. दोनदा का ते खाली येतंय, पण दोनदाच.

मग मर्ज. ग्रुप व्हार्समध्ये (सर्व्हरच्या अख्ख्या गटाच्या व्हेरिएबल्समध्ये) ॲप नावाची डिक्शनरी आहे, तिच्यात सेशन, डेटाबेस, कॅशे असे तीन कप्पे आहेत, आणि तिसऱ्या सर्व्हरला फक्त डेटाबेसचा पूल वाढवून हवाय म्हणून तुम्ही होस्ट व्हार्समध्ये (त्या एकाच सर्व्हरच्या व्हेरिएबल्समध्ये) ॲप, त्याखाली डेटाबेस, त्याखाली पूल २० असं लिहिलंत, तर बाकीचे दोन कप्पे त्या सर्व्हरपुरते गेले. ॲन्सिबल मुळात डिक्शनरी एकत्र करत नाही, जिला जास्त मान ती, म्हणजे इथे होस्ट व्हार्समधली, ठेवतो आणि दुसरी टाकून देतो. हॅश बिहेवियर हे सेटिंग मर्ज करून टाका असं कोणीतरी सांगेल, ऐकू नका, त्याने बाहेरून घेतलेल्या रोल्सचं (तयार प्लेबुक-भागांचं) वागणंही बदलतं आणि मग शोधत बसावं लागतं. ॲप बेस आणि ॲप ओव्हरराइड अशी दोन वेगळी नावं ठेवा आणि ॲप म्हणजे त्या दोघांचं कम्बाइन (डिक्शनरी जोडणारा फिल्टर), रिकर्सिव्ह ट्रू लावून. ॲपची किंमत ॲपमधूनच काढायला गेलात तर रिकर्सिव्ह लूप म्हणून एरर येते. आणि कम्बाइन रिकर्सिव्ह असलं तरी लिस्ट जोडत नाही, बदलते. जोडायची असेल तर लिस्ट मर्जला अपेंड द्यावं लागतं.

आता ती ओळ. सेशनच्या कप्प्यात सीक्रेटची (लॉगिनची कुकी ओळखायच्या गुप्त किल्लीची) किंमत मी पासवर्ड लुकअपने (पासवर्ड बनवून देणाऱ्या सोयीने) काढली होती, फाइलच्या जागी डेव्ह नल (रिकामी फाइल) देऊन, म्हणजे कुठे साठवणार नाही, फक्त ३२ अक्षरं बनवून देणार. वाचताना वाटतं की एकदा बनलं, सगळ्यांना मिळालं. तसं होत नाही! व्हेरिएबलमध्ये किंमत नसते, किंमत काढायची कृती असते, आणि ती कृती जेव्हा जेव्हा कोणी ते व्हेरिएबल वापरेल तेव्हा परत चालते. चार सर्व्हर, चार वेळा टेम्प्लेट (कॉन्फिगचा साचा) भरलं, चार वेगळी सीक्रेट्स. लोड बॅलन्सरने (सर्व्हरमध्ये लोक वाटून देणाऱ्याने) माणसाला दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवलं की त्याची कुकी तिथे ओळखू येत नाही. स्टेजिंगला एकच सर्व्हर होता म्हणून तिथे काही दिसलंच नाही, खरं तर दिसलं होतं, प्लेबुक दुसऱ्यांदा चालवल्यावरही चेंज्ड १ (एका टास्कने काहीतरी बदललं) येत होतं आणि मी ते सोडून दिलं.

म्हणून प्रत्येक महिरपी कंसाजवळ थांबून विचारा, ही किंमत किती वेळा काढली जाणार? लुकअप असेल, रँडम असेल, नाऊ असेल, पाइपमधून डेट कमांड असेल, तर थांबाच. रिलीजच्या फोल्डरचं नाव डेटवरून काढलंत तर फोल्डर बनवणारा टास्क एक सेकंद सांगेल, त्यात फाइल टाकणारा दुसरा. जी किंमत कायम तीच राहायला हवी, जसं सीक्रेट, ती बनवायचीच नाही, एकदा हाताने बनवून व्हॉल्टमध्ये ठेवायची. जी एका रनपुरती सगळीकडे तीच हवी, जसं रिलीजचं नाव, ती गोठवायची, सेट फॅक्टने, कारण सेट फॅक्ट कृती नाही तर निघालेली किंमत ठेवतो. आणि इथेही एक खड्डा आहे, सेट फॅक्टला रन वन्स (एकदाच चालव) लावलं आणि प्लेमध्ये सीरियल २ (दोन-दोन सर्व्हरच्या बॅच) असेल तर ते दर बॅचला एकदा चालतं, म्हणजे चार सर्व्हरना दोन नावं. त्यापेक्षा सुरुवातीला लोकलहोस्टवर (जिथून ॲन्सिबल चालवतोय त्याच मशीनवर) वेगळा प्ले, तिथे सेट फॅक्ट, आणि पुढे सगळीकडे होस्टव्हार्समधून लोकलहोस्टची किंमत घ्यायची. लिमिट (फक्त निवडक सर्व्हर) लावून चालवताना लोकलहोस्टही लिमिटमध्ये लिहा, नाहीतर तो प्लेच गाळला जातो आणि किंमत अनडिफाइंड येते.

परत सांगतो, डीबग दोनदा चालवा आणि दोन्ही वेळचं, चारही सर्व्हरचं आउटपुट शेजारी शेजारी ठेवा. जे सारखं असायला हवं ते सारखं नसेल तर तिथेच थांबा, पुढचं काही करू नका.

यॅमलचे (ज्या फॉरमॅटमध्ये या फाइली लिहितो त्याचे) टाइप. नो लिहिलंत की फॉल्स होतं, व्हर्जन १.१० चं १.१ होतं, आणि पोर्ट मॅपिंग २२:२२ कोट्सशिवाय लिहिलं तर ते ६० च्या हिशेबात १३४२ होतं. कोट्स घाला, शंका असेल तर घालाच. कमांड लाइनवर मायनस ई ने (जास्तीचं व्हेरिएबल द्यायच्या पर्यायाने) बरोबरच्या खुणेने दिलेली किंमत नेहमी स्ट्रिंग असते, तिथला फॉल्सही स्ट्रिंग, बूल फिल्टर लावा किंवा जेसन द्या. मायनस ई बाकी सगळ्यांवर मात करतं, त्यामुळे कालच्या कमांड हिस्टरीतून उचललेली ओळ नीट वाचून मगच एंटर दाबा. कप्प्याचं नाव आयटम्स किंवा कीज ठेवू नका, डॉट लावून मागितलं की डिक्शनरीची मेथड हातात येते.

चेक (काही न बदलता चालव) आणि डिफ (काय बदलेल ते दाखव) दोन्ही लावून एक ड्राय रन. सीक्रेट असलेल्या टास्कला नो लॉग (छापू नको), नाहीतर डिफमध्ये छापून येईल. टेम्प्लेटला व्हॅलिडेट (फाइल बसवण्याआधी तपासणारी कमांड) देता येत असेल तिथे द्या, सुडोअर्स आणि एसएसएचडीला तर नक्कीच.

मग एक सर्व्हर, मग दोन. दोन झाल्यावर पहिल्यावर लॉगिन करा आणि तीच कुकी घेऊन दुसऱ्यावर जा, आत राहिलात तर उरलेले लावा. सगळे झाल्यावर तेच प्लेबुक लगेच परत चालवा, चेंज्ड ० यायला हवं, डेटवरून नाव काढलेला रिलीजचा फोल्डर सोडून. १ आलं तर कुठल्या टास्कला आलं ते उघडून बघितल्याशिवाय घरी जाऊ नका.